मायक्रोवेव्ह बंद पडला? आधी लक्षण वाचा, मग पार्ट बदला

मायक्रोवेव्ह बिघडला की पहिला संशय मॅग्नेट्रॉनवर, म्हणजे पदार्थ गरम करणाऱ्या लहरी तयार करणाऱ्या पार्टवर घेतला जातो. तो सगळ्यांत महाग पार्ट असल्यामुळे ‘आता नवाच घेऊ’ असा निर्णयही लगेच होतो. पण बिघाड अनेकदा साध्या ठिकाणी असतो: उडालेला फ्यूज, दाराच्या खटक्यामागचा एखादा स्विच, मॅग्नेट्रॉनपाशी सैल होऊन जळलेला लग (वायरीच्या टोकाचा, टर्मिनलावर बसणारा धातूचा जोड). उलट बाजूने, फ्यूज उडालेला दिसला म्हणून नुसता फ्यूज बदलणारेही फसतात, कारण फ्यूज कशामुळे तरी उडालेला असतो आणि ते कारण तिथेच राहिले तर नवा फ्यूजही जातो. त्यामुळे या लेखात पार्ट बदलण्याइतकीच जागा लक्षणांना दिली आहे.

उघडण्याआधी धोका समजून घ्या

कपाटे आणि टेबलांवर दिसणाऱ्या नेहमीच्या विजेच्या उपकरणांत, झाकण काढल्यावर सर्वांत धोकादायक असलेले उपकरण हेच. आतला मोठा ट्रान्सफॉर्मर मेन सप्लायचे सुमारे २००० व्होल्ट करतो. मग कपॅसिटर (चार्ज साठवणारा भाग) आणि डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) मिळून मॅग्नेट्रॉनला सुमारे ४००० व्होल्टचे ठोके देतात. व्होल्टेज जास्त असलेली उपकरणे आणखीही असतात, पण इथे त्या व्होल्टेजमागे जीव घेण्याइतका करंट सहज उपलब्ध असतो.

प्लग काढल्यावरही धोका संपत नाही. १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३००० व्होल्टला भरलेला राहिला तर त्यात साडेचार ज्यूल ऊर्जा असते. बहुतेक कपॅसिटरमध्ये आतच सुमारे १० मेगाओहमचा रेझिस्टर असतो आणि तो मिनिटभरात चार्ज उतरवतो. पण तो रेझिस्टर तुटलेला असेल तर चार्ज बराच काळ तसाच बसून राहतो, आणि बाहेरून ते कळत नाही. म्हणून मिनिटभर थांबलो म्हणजे झाले, असे कधीही धरू नका. दरवेळी हे करायचेच:

१. प्लग सॉकेटमधून काढा आणि तुमच्या नजरेसमोर ठेवा. नुसता स्विच बंद करणे पुरेसे नाही.
२. दोन-तीन मिनिटे थांबा. मग झाकण काढा. आत हात घालू नका.
३. लांब दांड्याचा, जाड प्लॅस्टिक मुठीचा स्क्रू ड्रायव्हर घ्या. मुठीला तडा नसावा. दुसरा हात पाठीमागे किंवा खिशात ठेवा, म्हणजे चुकून झटका बसलाच तर तो छातीतून आरपार जाणार नाही. अंगठी आणि धातूचे घड्याळ आधीच काढून ठेवा.
४. स्क्रू ड्रायव्हरच्या पात्याने कपॅसिटरची दोन टर्मिनले एकमेकांना जोडा. नंतर प्रत्येक टर्मिनल यंत्राच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूला टेकवा. ‘चट्’ असा आवाज आणि ठिणगी आली तर कपॅसिटरचा आतला रेझिस्टर गेला असण्याची शक्यता आहे. तो कपॅसिटर बदला.
५. काही सेकंदांनी हीच कृती पुन्हा करा. मग मगरमुखी क्लिप असलेली वायर कपॅसिटरच्या दोन टर्मिनलांवर लावून ठेवा आणि काम संपल्यावर आठवणीने काढा.

थेट शॉर्ट करण्याऐवजी १० ते १०० किलोओहमचे दोन-तीन जाड रेझिस्टर एकापुढे एक जोडून त्यांच्यामार्फत आधी चार्ज उतरवणे आणि शेवटी थेट शॉर्ट करणे अधिक चांगले. ठिणगीने टर्मिनल खराब होत नाही आणि दचकून हात भलतीकडे जात नाही.

तीन गोष्टी मात्र कधीच करू नका. उच्च दाबाच्या बाजूला जोडणी चालू असताना मल्टिमीटर लावू नका. नेहमीचे मीटर आणि त्याच्या वायरी ६०० किंवा १००० व्होल्टसाठी असतात, ४००० व्होल्टला त्या मीटरसकट हातात फुटतात. या भागाची सगळी तपासणी प्लग काढून, ओहममध्येच होते. दुसरे, दाराचा एकही स्विच वायरने कायमचा जोडून ‘बायपास’ करू नका. तिसरे, मॅग्नेट्रॉन जोडलेला असताना झाकणाशिवाय यंत्र चालवू नका.

इन्व्हर्टर प्रकारच्या यंत्रात जड ट्रान्सफॉर्मरऐवजी एक सर्किट बोर्ड असतो. त्यात मेन सप्लाय थेट बोर्डावर असतो आणि उच्च दाब हजारो हर्ट्झच्या वारंवारतेने तयार होतो. अशा यंत्रात फ्यूज, स्विच, पंखा, टर्नटेबल आणि मॅग्नेट्रॉनची तपासणी खाली दिल्याप्रमाणेच होते. पण बोर्ड बिघडला असेल तर पूर्ण बोर्डच बदलायचा, त्याची दुरुस्ती करत बसायचे नाही. नवा बोर्ड बसवताना त्याचे धातूच्या बॉडीला जोडणारे स्क्रू घट्ट बसले आहेत ना, हे दोनदा पाहा.

झाकण काढणे आणि आतला नकाशा

लागणारी साधने थोडी आहेत: फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, मध्ये खिळा असलेल्या तारांकित स्क्रूसाठी मधोमध भोक असलेला टॉर्क्स बिट (बहुतेक टी-२०), लांब चोचीची पक्कड, मल्टिमीटर आणि ९ व्होल्टची एक बॅटरी. ही बॅटरी कशासाठी, ते डायोडच्या भागात येईल. झाकणाचे स्क्रू मागच्या बाजूला आणि काही यंत्रांत कडेलाही असतात. झाकण थोडे मागे सरकवून वर उचलावे लागते. पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या धारदार असतात, म्हणून जाड हातमोजे घाला.

बऱ्याच यंत्रांत झाकणाच्या आत किंवा बॉडीवर वायरिंगचा नकाशा चिकटवलेला असतो. तो सापडला तर अर्धे काम झाले. त्याचा आणि आतल्या प्रत्येक जोडणीचा फोटो काढून ठेवा. लग ओढून काढताना वायर कधीच ओढू नका. पुष्कळ लगांना मधोमध एक छोटी कळ असते, ती दाबली की लग सहज सुटतो. जोर लावला तर कपॅसिटरचे टर्मिनल मुळातून हलते आणि एक नवीनच बिघाड तयार होतो.

समोरून पाहिले तर उजवीकडच्या कप्प्यात सगळे असते. तळाशी जड लोखंडी ट्रान्सफॉर्मर, त्याशेजारी लंबगोल डब्यासारखा कपॅसिटर आणि त्याला जोडलेला छोटा काळा डायोड. वरच्या बाजूला पातळ पत्र्याचे पंख असलेला मॅग्नेट्रॉन, मागे पंखा, दाराच्या खटक्यामागे दोन-तीन मायक्रोस्विच आणि सप्लाय येतो तिथे फ्यूज.

लक्षण काय सांगते

*काहीच चालू होत नाही, दिवाही लागत नाही.* आधी सॉकेटमध्ये दुसरे उपकरण लावून बघा. सॉकेट ठीक असेल तर फ्यूज, मग थर्मल कटआउट (फार तापल्यावर सप्लाय तोडणारी चकती), मग प्लगची वायर, मग कंट्रोल बोर्ड, याच क्रमाने जा.

*दिवा, पंखा, प्लेट सगळे चालते, पण पदार्थ थंडच.* इथे कान महत्त्वाचा. सुरू केल्यावर दोन-तीन सेकंदांत ट्रान्सफॉर्मरची हलकी, भरीव गुणगुण यायला हवी. ती अजिबात येत नसेल तर ट्रान्सफॉर्मरपर्यंत सप्लायच पोहोचत नाही. म्हणजे दोष रिलेत (कंट्रोल बोर्डावरच्या विजेने चालणाऱ्या स्विचमध्ये), दाराच्या स्विचमध्ये किंवा त्या मार्गावरच्या कटआउटमध्ये आहे, आणि उच्च दाबाच्या बाजूला हात लावायची गरजही नाही. नेहमीसारखी गुणगुण येते पण गरम होत नाही, असे असेल तर डायोड किंवा कपॅसिटर ओपन (आतून तुटलेला), मॅग्नेट्रॉनचा लग जळलेला, किंवा मॅग्नेट्रॉनचा फिलामेंट (आतली तापणारी तार) गेलेला असू शकतो. आणि एरवीपेक्षा मोठा, घोगरा, टेबल थरथरवणारा आवाज येत असेल तर डायोड किंवा मॅग्नेट्रॉन शॉर्ट झाला आहे.

इथे थोडे थांबू, कारण याच ठिकाणी चुकीचा पार्ट सर्वाधिक वेळा विकत घेतला जातो. डायोड शॉर्ट झाला तरी मुख्य फ्यूज बहुतेक वेळा टिकतो. कारण त्या मार्गात कपॅसिटर अजूनही ट्रान्सफॉर्मरशी एकापुढे एक जोडलेला असतो. ५० हर्ट्झला १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सुमारे ३२०० ओहमचा अडथळा करतो, त्यामुळे करंट वाढतो पण मर्यादेत राहतो आणि ट्रान्सफॉर्मर फक्त ओरडतो. मॅग्नेट्रॉन आतून शॉर्ट झाला तरी हेच घडते. याउलट कपॅसिटर शॉर्ट झाला की हा अडथळाच जातो, डायोडमार्फत थेट शॉर्ट तयार होतो आणि फ्यूज लगेच उडतो. म्हणून एक सोपा नियम हाताशी ठेवा: घोगरा आवाज आणि फ्यूज शाबूत, तर डायोड आणि मॅग्नेट्रॉन तपासा. सुरू करताच फ्यूज उडाला, तर आधी कपॅसिटर आणि ट्रान्सफॉर्मर.

*दार उघडताना किंवा बंद करताना फ्यूज उडतो.* हा दाराच्या स्विचचाच दोष. याचे कारण स्विचच्या भागात सविस्तर आहे.

*प्लग लावताच फ्यूज उडतो.* दोष वायरिंगमध्ये, बोर्डावरच्या व्हॅरिस्टरमध्ये (जादा व्होल्टेजपासून बोर्ड वाचवणारा भाग) किंवा दिवा-पंखा अशा सप्लायवर थेट बसलेल्या भागांत आहे. उच्च दाबाचा भाग अजून सुरूच झालेला नसतो.

*काही मिनिटे नीट चालतो, मग बंद पडतो आणि थंड झाल्यावर पुन्हा चालतो.* मॅग्नेट्रॉन तापून थर्मल कटआउट उघडतो आहे. पंखा अडकला आहे का, मागच्या जाळ्या तेलकट धुळीने बुजल्या आहेत का, यंत्र भिंतीला चिकटवून ठेवले आहे का, हे आधी पाहा.

*दार उघडल्यावरही यंत्र थांबत नाही,* किंवा दार बंद करताच ‘स्टार्ट’ न दाबता गरम करायला लागते. हे दिसले की ताबडतोब प्लग काढा आणि दोष पूर्ण दुरुस्त होईपर्यंत लावू नका. रिलेचे किंवा स्विचचे संपर्क चिकटलेले आहेत.

फ्यूज आणि थर्मल कटआउट

फ्यूज होल्डरमधून बाहेर काढूनच मोजा. चांगला फ्यूज शून्य ओहमच्या जवळ दाखवतो. सिरॅमिक फ्यूज डोळ्यांनी चांगला दिसला तरी आतून गेलेला असू शकतो. २३० व्होल्टच्या यंत्रात साधारण ८ ते १२ अँपिअर आणि १२० व्होल्टच्या यंत्रात १५ ते २० अँपिअरचा फ्यूज असतो. नेमका आकडा फ्यूजच्या टोपीवर किंवा होल्डरजवळ छापलेला असतो, तोच घ्या. सिरॅमिकच्या जागी काचेचा फ्यूज लावू नका. मोठा शॉर्ट झाला तर काचेच्या फ्यूजमधली ठिणगी विझत नाही, काच फुटते. सिरॅमिकमधली वाळू ती ठिणगी विझवते. चांदीचा कागद किंवा वायरचा तुकडा लावणे म्हणजे पुढच्या बिघाडाला आग लागण्याची सोय करून देणे.

काही यंत्रांत ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरच्या मध्ये प्लॅस्टिकच्या नळीत बसवलेला आणखी एक फ्यूज असतो. तो एक अँपिअरपेक्षा कमी आणि ५००० व्होल्टचा असतो. सगळे चालते पण गरम होत नाही, तेव्हा तो तपासायला विसरू नका. तो गेला असेल तर पुढे मॅग्नेट्रॉन, डायोड आणि कपॅसिटर तिन्ही मोजल्याशिवाय नवा लावू नका.

थर्मल कटआउट म्हणजे नाण्याएवढी चकती, दोन टर्मिनले असलेली. एक मॅग्नेट्रॉनवर असते आणि एक-दोन आतल्या कप्प्याच्या पत्र्यावर. त्यावर ज्या तापमानाला उघडायचे तो आकडा छापलेला असतो. गार असताना बहुतेक चकत्या शून्य ओहम दाखवायला हव्यात. नकाशा असेल तर एखादी उलट प्रकारची आहे का ते पाहून घ्या. बदलताना तापमानाचा आकडा तोच हवा. चकती पत्र्याला पूर्ण टेकून बसली पाहिजे, नाहीतर ती उशिरा उघडते.

दाराचे स्विच

खटक्यामागे बहुतेक तीन मायक्रोस्विच असतात. दोन स्विच दार बंद झाल्यावर सप्लाय जोडतात. तिसरा, म्हणजे मॉनिटर स्विच, उलट काम करतो. दार उघडे असताना तो ट्रान्सफॉर्मरच्या सप्लायवर मुद्दाम शॉर्ट ठेवतो. दार उघडताना मुख्य स्विच आधी जोडणी तोडतो आणि नंतर मॉनिटर जुळतो, त्यामुळे एरवी काही घडत नाही. पण मुख्य स्विचचे संपर्क वितळून चिकटले तर दार उघडल्यावरही सप्लाय चालू राहतो. अशा वेळी मॉनिटर जुळताच थेट शॉर्ट होऊन फ्यूज उडतो. म्हणजे उघड्या दारातून लहरी बाहेर येण्याऐवजी यंत्र स्वतःला मारून घेते. ही योजना माणसाच्या जिवासाठी केलेली आहे, म्हणून दाराशी फ्यूज उडाल्यावर नुसता फ्यूज बदलून यंत्र पुन्हा वापरात आणू नये.

तपासताना स्विचच्या वायरी काढा. ‘कॉम’ (सामाईक) आणि ‘एनओ’ (एरवी उघडे) या टर्मिनलांत बटण दाबल्यावर मीटरची बीप यायला हवी आणि सोडल्यावर थांबायला हवी. मॉनिटर स्विचचे ‘कॉम’ आणि ‘एनसी’ (एरवी जुळलेले) याच्या नेमके उलट वागतात. बीप येते पण मीटर दोन-तीन ओहम दाखवतो, असे असेल तर संपर्क जळलेले आहेत आणि स्विच बाद आहे. बटण हळू दाबून सोडताना आतला ‘टक’ स्पष्ट यायला हवा.

फ्यूज दाराशी उडाला असेल तर मुख्य स्विच आणि मॉनिटर स्विच दोन्ही बदला, मॉनिटर चांगला मोजला तरीही. शॉर्टचा पूर्ण करंट त्याच्या संपर्कांतून गेलेला असतो. नवे स्विच १६ अँपिअर, २५० व्होल्टचे, त्याच आकाराचे, बटण त्याच बाजूला आणि टर्मिनले त्याच प्रकारची असलेली घ्या. दिसायला सारख्या स्विचमध्ये ‘एनओ’ आणि ‘एनसी’चा फरक असतो, आणि मॉनिटरच्या जागी चुकून ‘एनओ’ बसला तर दार बंद करताच फ्यूज उडेल.

बसवल्यावर एक खात्री करा. ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक गुंडाळीच्या (जिला मेन सप्लाय मिळतो तिच्या) दोन्ही वायरी काढून त्या वायरींच्या टोकांवर मीटर लावा. दार उघडे असताना शून्याच्या जवळ आणि बंद असताना ओपन दाखवायला हवे. दार अगदी सावकाश उघड-बंद करून बघा, आणि स्विचची पट्टी सैल असेल तर ती सरकवून दार बंद झाल्यावर हलणार नाही अशी बसवा.

कपॅसिटर आणि डायोड

चार्ज उतरवून, सगळ्या वायरी काढून मोजा. मीटरमध्ये कपॅसिटन्सची सोय असेल तर आकडा कपॅसिटरवर छापलेल्याच्या आसपास यायला हवा, साधारण १० टक्क्यांच्या आत. बहुतेक कपॅसिटर ०.७ ते १.२ मायक्रोफॅरडचे आणि २१०० व्होल्ट एसीचे असतात. ओहममध्ये दोन टर्मिनलांत सुमारे १० मेगाओहम यावे, तर टर्मिनल आणि डब्याच्या पत्र्यात काहीच येऊ नये. डबा फुगलेला किंवा तेल गळलेला दिसला तर मोजत बसू नका, बदला. मायक्रोफॅरडचा आकडा आणि व्होल्टेज तेच ठेवा. मायक्रोफॅरड वाढवले तर मॅग्नेट्रॉनला जाणारी ताकदही वाढते आणि तो लवकर मरतो. पंख्याचा किंवा मोटरचा कपॅसिटर इथे कधीही लावू नका.

डायोड साध्या मीटरने मोजला तर दोन्ही बाजूंनी ओपन दिसतो आणि चांगला डायोड फेकला जातो. यात अनेक जोड एकापुढे एक असतात आणि ते सगळे उघडायला मीटरचा व्होल्ट-दोन व्होल्टचा दाब पुरत नाही. म्हणून ९ व्होल्टची बॅटरी. बॅटरीचे धन टोक डायोडच्या एका टोकाला, डायोडचे दुसरे टोक डीसी व्होल्टवर ठेवलेल्या मीटरच्या लाल वायरीला आणि मीटरची काळी वायर बॅटरीच्या ऋण टोकाला जोडा. एका दिशेने बॅटरीपेक्षा काही व्होल्ट कमी असा आकडा आणि डायोड उलटा केल्यावर जवळपास शून्य, तर डायोड चांगला. दोन्ही दिशांनी बॅटरीचा पूर्ण आकडा दिसला तर शॉर्ट, दोन्ही दिशांनी शून्य तर ओपन.

काही डायोड फक्त उच्च दाबाखाली कोसळतात आणि बॅटरीच्या चाचणीत चांगले दिसतात. डायोड तुलनेने स्वस्त असतो, म्हणून कपॅसिटर किंवा मॅग्नेट्रॉन बदलताना तोही नवा टाकावा. बसवताना दिशा सांभाळा. रिंगसारखा लग असलेले टोक स्क्रूने बॉडीला, दुसरे कपॅसिटरला. उलटा बसला तर मॅग्नेट्रॉनला चुकीच्या दिशेचा दाब मिळतो, आवाज येतो पण काहीच गरम होत नाही.

ट्रान्सफॉर्मर

सगळ्या वायरी काढून तीन मोजमापे घ्या. प्राथमिक गुंडाळी काही दशांश ते दोन-तीन ओहम. उच्च दाबाची गुंडाळी, म्हणजे तिचे मोकळे टोक आणि ट्रान्सफॉर्मरचे लोखंड यांत, साधारण ६० ते १३० ओहम. फिलामेंटची जाड वायर, जवळपास शून्य. प्राथमिक गुंडाळी आणि लोखंड यांत काहीही येऊ नये. वार्निश जळल्याचा उग्र वास आणि काळवंडलेली गुंडाळी असेल तर आकडे बरोबर आले तरी तो गेला असे समजा. मोजक्याच फेऱ्या शॉर्ट झाल्या तर ओहममध्ये फरक दिसत नाही.

ट्रान्सफॉर्मर परत बसवताना त्याचे स्क्रू रंग खरवडलेल्या पत्र्यावर घट्ट बसवा. उच्च दाबाच्या गुंडाळीचे एक टोक लोखंडाला जोडलेले असते आणि करंट बॉडीतूनच परत येतो. स्क्रू सैल राहिले तर लोखंडावरच हजारो व्होल्ट येऊ शकतात.

मॅग्नेट्रॉन

टर्मिनलांवरचे दोन लग काढा आणि आधी डोळ्यांनी बघा. फिलामेंटला सुमारे ३.३ व्होल्टवर १० अँपिअर लागतात. लग सैल होऊन फक्त ०.१ ओहमचा अडथळा तयार झाला तरी १ व्होल्ट तिथेच जातो, म्हणजे जवळपास एक तृतीयांश. शिवाय १० वॉटची उष्णता त्या लगमध्येच साठते, मग तो काळा पडतो आणि आणखी सैल होतो. फिलामेंट पुरेसा तापत नाही आणि मॅग्नेट्रॉन ‘मेला’ असे वाटते. टर्मिनल पॉलिश कागदाने घासून नवा, घट्ट बसणारा लग लावला की असे मॅग्नेट्रॉन पुष्कळदा पुन्हा नीट चालतात. मोठ्या खर्चाचा निर्णय घेण्याआधी ही पाच मिनिटे जरूर द्या.

मग मोजमाप. दोन टर्मिनलांत १ ओहमपेक्षा कमी, आणि प्रत्येक टर्मिनल ते धातूची बॉडी पूर्ण ओपन. पहिले ओपन आले तर फिलामेंट तुटला, दुसऱ्यात काही आकडा आला तर आतून शॉर्ट. दोन्ही मोजमापे बरोबर असूनही मॅग्नेट्रॉन थकलेला असू शकतो. पूर्वी दोन मिनिटांत होणारे काम चार मिनिटांवर गेले असेल, लग चांगले असतील आणि मेन सप्लायचा दाब पडलेला नसेल, तर तोच थकला आहे. चुंबकाच्या कड्याला आरपार तडा, किंवा वरची अँटेनाची टोपी वितळलेली असेल तर मोजायची गरजच नाही.

नवा घेताना जुन्यावर छापलेला मॉडेल क्रमांक जुळवा. तो मिळत नसेल तर चार गोष्टी तंतोतंत हव्यात: वॉटची क्षमता, स्क्रूच्या भोकांची जागा, अँटेनाची उंची आणि टर्मिनलांचे तोंड कोणत्या बाजूला आहे ते. पंखांची दिशाही बघा, हवा आरपार गेली पाहिजे. बसवताना अँटेनाभोवतीची तारेची जाळीदार रिंग नवी आणि सपाट असावी. तीच गळती रोखते, ती राहून गेली तर तिथे ठिणग्या पडून पत्रा जळतो. चार स्क्रू तिरपे, थोडे थोडे करून आवळा. जुन्यावरचा थर्मल कटआउट नव्यावर चढवायला विसरू नका. जुना मॅग्नेट्रॉन फोडून चुंबक काढण्याचा मोह टाळा. काहींच्या सिरॅमिकमध्ये बेरिलियम ऑक्साइड असते आणि त्याची पूड फुफ्फुसांना घातक आहे.

ठिणग्या, प्लेट, पॅनेल

आत ठिणग्या पडत असतील तर बाजूच्या भिंतीवरचे मायकाचे पान काढा. त्यावर उडालेले अन्न जळून कार्बन होते आणि कार्बन वीज वाहून नेतो. नवे पान जुन्याच्या मापाने कात्रीने कापता येते. त्यामागची पोकळी ओल्या फडक्याने पुसा. आतला रंग उडून पत्रा उघडा पडला असेल तर गंज घासा आणि मायक्रोवेव्हच्या आतल्या भागासाठीच असलेला रंग लावून पूर्ण वाळू द्या. पत्र्याला आरपार भोक पडले असेल तर यंत्र निकालात काढा.

प्लेट फिरत नसेल तर आधी खालची चाके आणि मधली कपलिंग बघा. मोटर तळाखाली असते. बऱ्याच यंत्रांत तिच्यावरचा पत्रा चार-पाच छोट्या जोडांनी धरलेला असतो. कटरने ते जोड कापायचे, मोटर बदलायची आणि तोच पत्रा १८० अंश फिरवून एका स्क्रूने बसवायचा, त्यासाठी भोक आधीच ठेवलेले असते. मोटरवरचा व्होल्टेज मात्र नीट वाचा. काही २१ किंवा ३० व्होल्टच्या असतात, काही थेट मेन सप्लायच्या. फेऱ्या आणि दांड्याची लांबीही जुळवा.

पॅनेलवरचे एखादेच बटण चालत नसेल तर बटणांची पातळ पट्टी गेली आहे. सगळे चालते पण ट्रान्सफॉर्मरला सप्लाय जात नाही, असे असेल तर बोर्ड उलटवून त्यावरच्या मोठ्या रिलेचे सोल्डरचे टाके बघा. टाक्याभोवती तपकिरी कडे दिसले तर जुने सोल्डर काढून नवे भरा. प्लग काढलेला असताना रिलेच्या संपर्कांत शून्य ओहम आले तर ते चिकटले आहेत, रिले बदला.

जोडून झाल्यावर

कपॅसिटरवरची क्लिप काढली का, ते पहिल्यांदा बघा. फोटोशी प्रत्येक वायर ताडून पाहा. कुठलीही वायर पंख्याला, धारदार कडेला किंवा ट्रान्सफॉर्मरला टेकता कामा नये. प्लगची अर्थ पिन आणि बॉडी यांत १ ओहमपेक्षा कमी यायला हवे. झाकणाचे सगळे स्क्रू लावा, एकही सोडू नका, कारण ते झाकणसुद्धा संरक्षणाचाच भाग आहे. दाराचे बिजागर, काच, जाळी आणि कड यांना तडा किंवा वाक असेल तर कितीही नवे पार्ट घातले तरी यंत्र वापरू नका. दारापासून ५ सेंटिमीटरवर गळती प्रति चौरस सेंटिमीटर ५ मिलीवॉटच्या वर जाता कामा नये, आणि ती मोजण्याचे खात्रीचे साधन ज्याच्याकडे आहे त्याच्याकडूनच मोजून घ्या.

ताकद मात्र घरीच मोजता येते. काचेच्या भांड्यात १ लिटर पाणी घ्या, ढवळून तापमान मोजा. पूर्ण ताकदीवर ६० सेकंद चालवा, लगेच ढवळून पुन्हा मोजा. जितके अंश सेल्सिअस वाढले त्याला ७० ने गुणा, साधारण तितके वॉट. १० अंश वाढले तर सुमारे ७०० वॉट. यंत्रावर लिहिलेल्या आउटपुटच्या जवळ आकडा आला तर काम झाले. निम्माच आला तर मॅग्नेट्रॉनचे लग आणि कपॅसिटर पुन्हा तपासा. रिकामे यंत्र मात्र चालवून बघू नका. आत पाणी नसेल तर सगळी ऊर्जा परत मॅग्नेट्रॉनवर येते, आणि नुकताच बसवलेला नवा मॅग्नेट्रॉन पहिल्याच दिवशी तापून जाऊ शकतो.